अर्धवट चित्र रात्री कुठे ठेवायचे?

लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना तिथली चित्र-शिल्पकला कशी पारखावी

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत एक पेच उभा राहतो. मुलीने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत ‘अ’ श्रेणी मिळवलेली असते. वह्यांचे समास रेखाटनांनी भरलेले असतात. पण तिला इतिहासही मनापासून आवडतो, मानसशास्त्राचा तासही चुकवावासा वाटत नाही. पुढची चार वर्षे फक्त चित्रच काढायचे का, हा प्रश्न आईवडिलांच्या आधी तिलाच पडलेला असतो. मग कोणीतरी लिबरल आर्ट्सचे नाव काढते आणि जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रके जमायला लागतात. त्यातले एक कला महाविद्यालयाचे, एक लवळ्याचे, एक विमाननगरचे, आणि बोस्टनमधल्या मावशीने पाठवलेला एखादा दुवा. सगळीकडे फोटो जवळपास एकच असतो. उंच खिडकी, इझल, हातात ब्रश घेतलेली विद्यार्थिनी. खाली ‘स्टुडिओ आर्ट’ किंवा ‘दृश्यकला’ असे शब्द.

फोटो सारखे असले तरी त्यामागची शिक्षणे एकमेकांपासून फार लांबची असू शकतात. एका ठिकाणी आठवड्याला दोन-तीन तास चित्र असते, दुसरीकडे रोजचा अख्खा दिवस. हा फरक फोटोत दिसत नाही, शुल्काच्या तक्त्यातही दिसत नाही. तो वेळापत्रकात आणि स्टुडिओच्या जमिनीवर दिसतो.

एका शब्दाखालची वेगवेगळी शिक्षणे

आधी शब्द मोकळे करून घेऊ. लिबरल आर्ट्स म्हणजे असे पदवी शिक्षण, ज्यात एक मुख्य विषय, एक जोडविषय आणि त्याबरोबर विज्ञान, समाजशास्त्र, भाषा असे बरेच काही शिकायचे असते. मुख्य विषयाला ‘मेजर’ आणि जोडविषयाला ‘मायनर’ म्हणतात. पुण्यात विमाननगरचे सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स २०११ मध्ये सुरू झाले. लवळ्याच्या फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची भाषा साध्या महाविद्यालयांतही ऐकू येऊ लागली आहे.

स्टुडिओ आर्ट म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः हाताने काम करायचा अभ्यासक्रम. त्यात रेखाटन, रंगकाम, शिल्प, मुद्राचित्रण, मातीकाम असे विषय येतात. कलेचा इतिहास हा याहून वेगळा विषय. पुष्कळ कॉलेजांच्या यादीत ‘दृश्यकला’ या एकाच मथळ्याखाली दोन्ही असतात, आणि दहा अभ्यासक्रमांपैकी आठ इतिहास-सिद्धान्ताचे निघतात. त्यात वाईट काही नाही, पण प्रवेश घेण्याआधी ते मोजून घ्यावे.

तिसरी वाट आपल्याकडे सर्वांत जुनी आहे, ती म्हणजे ललित कलेची पदवी, बी.एफ.ए. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. पुण्यात भारतीय कला प्रसारिणी सभेचे अभिनव कला महाविद्यालय आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचे ललित कला महाविद्यालय आहे. इथे चार वर्षे मुख्यतः कलाच. पहिले वर्ष पायाभूत, मग उपयोजित कला, रेखा व रंगकला, शिल्पकला अशा शाखा. डिझाइनच्या संस्था ही चौथी गोष्ट. तिथे कोणाच्या तरी गरजेचे उत्तर शोधायला शिकवतात. चित्र काढता येते म्हणून डिझाइन, हा निष्कर्ष घाईचा आहे.

तासांचा हिशेब

कोणते कॉलेज चित्रकलेला किती गंभीरपणे घेते, हे ओळखण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे तास मोजणे. त्यासाठी क्रेडिट ही कल्पना समजली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात १५ तास. स्टुडिओच्या कामाचे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, सत्राला ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा रेखाटनाचा अभ्यासक्रम असेल, तर आठवड्याला आठ तास आणि सत्रभरात १२० तास काम व्हायला हवे. वेळापत्रकात त्या चार क्रेडिटसमोर आठवड्याला चारच तास दिसत असतील, तर स्टुडिओचा विषय व्याख्यानासारखा उरकला जातो आहे, असे समजावे.

याच आराखड्यात चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. त्यातले निदान ८० मेजरचे आणि ३२ मायनरचे. मायनर सगळेच्या सगळे स्टुडिओत केले, एकही क्रेडिट इतिहासाला दिले नाही, तरी ३२ गुणिले ३० म्हणजे ९६० तास होतात. आता पूर्णवेळ कला महाविद्यालय घ्या. दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस, वर्षात ३० आठवडे धरले तर वर्षाचे ७५० तास. म्हणजे चार वर्षांत पसरलेले मायनर हे बी.एफ.ए.च्या साधारण सव्वा वर्षाइतके भरते. मेजर घेतले आणि त्यातली ६० क्रेडिट स्टुडिओची असली तर १८०० तास, म्हणजे बी.एफ.ए.ची सुमारे अडीच वर्षे.

हे आकडे मायनरला कमी लेखण्यासाठी मांडलेले नाहीत. ज्या मुलीला मानसशास्त्रात पुढे जायचे आहे आणि हात चालू ठेवायचा आहे, तिला ९६० तास भरपूर आहेत. ज्या मुलाला चित्रकारच व्हायचे आहे, त्याला ते अपुरे पडतील, आणि ही गोष्ट त्याला तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. अमेरिकेतही हीच रेघ आखलेली आहे. तिथल्या कला-डिझाइन शाळांना मान्यता देणारी संघटना व्यावसायिक बी.एफ.ए.मध्ये एकूण अभ्यासाचा किमान ६५ टक्के भाग कला-डिझाइनचा असावा असे सांगते. लिबरल आर्ट्सच्या बी.ए.मध्ये हा भाग साधारण ३० ते ४५ टक्के धरला जातो.

सलग वेळ का लागतो

तास मोजून झाले की ते कसे मांडले आहेत ते पाहावे. दोन कॉलेजांत आठवड्याला आठच तास आहेत असे समजा. एकात दोन-दोन तासांचे चार दिवस आहेत, दुसऱ्यात चार-चार तासांचे दोन दिवस. कागदावर दोन्ही सारखे. पण प्रत्येक बैठकीत वस्तू मांडणे, कागद बोर्डाला लावणे, रंग काढणे यात वीस मिनिटे जातात, आणि ब्रश धुऊन जागा आवरण्यात आणखी वीस. पहिल्या कॉलेजात आठवड्याला प्रत्यक्ष कामाची ३२० मिनिटे उरतात, दुसऱ्यात ४००. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हा फरक वीस तासांचा होतो.

पण मिनिटांपेक्षाही मोठे कारण वेगळे आहे. चित्राचा पहिला तास बहुतेकदा आपल्याला आधीपासून येते तेच करण्यात जातो. ठरलेली रेषा, सवयीची छटा. नंतर चित्र बिघडल्यासारखे वाटायला लागते, आणि त्या अवघड टप्प्यातून जाताना नवे काही शिकले जाते. नेमक्या त्याच वेळी घंटा झाली तर विद्यार्थी दर वेळी सुरुवातीच्या सोप्या भागापर्यंतच पोहोचतो. विरजण लावलेले पातेले दर तासाला हलवून पाहिले तर दही लागत नाही, तसेच हे आहे. म्हणून वेळापत्रकात निदान तीन तासांचा सलग तुकडा आहे का, ते बघावे. शक्य झाले तर त्याच्या पुढचा तास मोकळा आहे का, तेही.

साहित्याला स्वतःचा वेळ असतो, हेही लक्षात घ्यायला हवे. मातीकामाचे उदाहरण जवळून पाहू. ओल्या मातीचा कप घडवला की त्याला लगेच कान जोडता येत नाही, भिंत दबते. माती थोडी सुकून चामड्याइतकी ताठ व्हावी लागते. मग जोडायच्या दोन्ही जागांवर सुईने चरे पाडतात, पाण्यात कालवलेली पातळ माती लावतात आणि कान घट्ट दाबून बसवतात. माती याहून जास्त सुकली तर कान जोडला जातो, पण वाळताना फटीवर चीर पडते. ही नेमकी अवस्था पुण्याच्या एप्रिलमध्ये काही तासांत येऊन निघूनही जाते, आणि जुलैच्या ओल्या हवेत दोन-दोन दिवस येत नाही. तोवर कप प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, अधूनमधून उघडून बोटाने तपासायचा. ज्या विद्यार्थ्याला स्टुडिओ फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी उघडा मिळतो, त्याचा कप या दोन वारांच्या मध्ये कधीतरी हातातून गेलेला असतो.

पुढे भट्टी. सुरुवातीला ती अगदी सावकाश तापवतात, कारण मातीतले उरलेले पाणी १०० अंशांपर्यंत निघून गेले नाही तर त्याची वाफ होऊन भांडे फुटते. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमान एकदम बदलते, म्हणून चढताना आणि उतरताना तिथेही घाई चालत नाही. पहिली भाजणी साधारण १००० अंशांच्या आसपास होते. तापायला एक दिवस, निवायला जवळपास दुसरा. माहितीपत्रकात ‘अद्ययावत सिरॅमिक स्टुडिओ’ असे लिहिलेले असेल तर विचारावे की भट्टी कोण लावते, आणि गेल्या सत्रात ती किती वेळा लागली. वर्षातून एकदाच पेटणारी भट्टी असली नसली सारखीच.

अर्धवट कामाची जागा

स्टुडिओ पाहायला गेल्यावर बहुतेक पालक भिंतीवरची पूर्ण झालेली चित्रे बघतात. मी म्हणेन, अपूर्ण चित्रे शोधा. संध्याकाळी सहा वाजता विद्यार्थी निघून गेला की त्याचे अर्धे झालेले काम कुठे राहते, यावरून त्या विभागाचे बरेच काही कळते.

तैलरंगाचा थर हाताला कोरडा लागायलाही काही दिवस घेतो. ओला कॅनव्हास पीएमपीच्या बसमधून कोथरूडला नेता येत नाही. खोली दुपारी दुसऱ्या वर्गाला द्यायची असेल तर सगळे उचलावे लागते, आणि वस्तुचित्रासाठी केलेली मांडणी मोडते. तीच बाटली, तेच कापड पुन्हा ठेवले तरी घडी तीच पडत नाही. त्यामुळे ज्या कॉलेजात स्टुडिओची खोली इतर वर्गांसाठीही वापरतात, तिथले शिक्षक नाइलाजाने एका बैठकीत संपणारी कामे देतात. विद्यार्थी चलाख होतो, पण एकाच चित्राशी महिनाभर झटापट करायची सवय त्याला लागत नाही. वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतःची भिंत, स्वतःचा कोपरा देणारे कॉलेज ही अडचण मुळातच सोडवते.

खोलीत आणखी काय बघायचे? आडवे रॅक हवेत, कागद सपाट ठेवता यावेत म्हणून. पावसाळ्यात पुण्याच्या हवेतही कागद ओल धरतो आणि कपाट भिंतीला टेकलेले असले तर बुरशी येते. मोरी मोठी हवी, आणि प्लास्टर-मातीचे काम होत असेल तर तिच्या खाली गाळ साठवणारी टाकी हवी, नाहीतर नळ महिन्याभरात तुंबतो आणि मग ‘इथे ब्रश धुऊ नये’ अशी पाटी लागते. मुद्राचित्रणात जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदतात. तिथे वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा आम्लाच्या कुंडीच्या अगदी जवळ असावा लागतो, छताला नव्हे. टर्पेंटाइनचा वास खोलीत शिरताच नाकाला झोंबत असेल तर हवा खेळती नाही. याला बारकावा म्हणून बाजूला ठेवू नये, रोज चार तास ती हवा तुमचे मूल घेणार आहे.

खिडकी उत्तरेला असावी असे चित्रकार सांगत आले आहेत, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही आणि सावल्या दिवसभर हलत नाहीत. पुण्याचे अक्षांश साडेअठराच्या जवळ असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या दोन दिवसांच्या दरम्यान, आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. त्यातला बराच काळ सुट्टीचा आणि ढगांचा, त्यामुळे उत्तरेची खिडकी पुण्यातही चांगलीच. ट्यूबलाइटच्या भरवशावर रंगकाम चालणाऱ्या तळघरापेक्षा तर कितीतरी चांगली.

┌───────────────
चौकट : भेटीला जाल तेव्हा

प्रवेशाच्या खुल्या दिवशी जाऊ नका. सत्र चालू असताना एखाद्या बुधवारी दुपारी जा. शिक्षकांआधी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला.

त्यांना विचारा : वर्गाच्या वेळेबाहेर स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो? रविवारी? परीक्षेच्या आठवड्यात? यादीतले वरचे अभ्यासक्रम गेल्या दोन वर्षांत खरेच चालले, की पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून रद्द झाले? एका वर्गात किती जण? कागद, रंग, माती यांचा खर्च शुल्कात धरला आहे की वेगळा? मेजर नसलेल्या विद्यार्थ्याला स्टुडिओच्या वर्गात जागा मिळते का?
└───────────────

चारचौघांत चित्राची तपासणी

स्टुडिओ शिक्षणातला दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे ‘क्रिट’. सगळ्यांची कामे भिंतीला लावायची आणि शिक्षक व वर्गमित्रांनी त्यावर बोलायचे. ज्याचे काम असते तो बहुतेकदा सुरुवातीला गप्प बसतो. इतरांना काय दिसते ते आधी ऐकतो, मग स्वतः काय करू पाहत होता ते सांगतो. या दोहोंत अंतर पडले की तिथे शिकायला जागा मिळते.

समजा, एका विद्यार्थ्याने मंडईचे चित्र काढले आहे. त्याला गर्दी दाखवायची होती. बघणाऱ्यांना मात्र आधी जुन्या इमारतीचा मनोराच दिसतो, कारण सगळ्यांत गडद छटा त्याने वर वापरली आहे. चांगला शिक्षक ‘छान आहे, अजून थोडे काम हवे’ असे म्हणून पुढे जात नाही. तो चित्राचा वरचा तिसरा भाग हाताने झाकतो आणि विचारतो, आता काय दिसते? विद्यार्थ्याला लगेच कळते की गर्दी होतीच, मनोऱ्याने ती गिळली होती. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण वर्गात चाळीस जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ही पाच मिनिटे येत नाहीत. वर्गाचा आकार विचारायचा तो यासाठी.

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत कामाचे मोल मुख्यतः सबमिशन आणि गुणांनी ठरते. इतके वस्तुचित्र, इतके निसर्गचित्र, अमुक तारखेपर्यंत. त्यातून हात पक्का होतो आणि ते कमी महत्त्वाचे नाही. लिबरल आर्ट्सच्या कॉलेजात बोलणे जास्त आणि हात कच्चा, अशी उलट तक्रार ऐकू येते. दोन्हीकडे धोका आहे, म्हणून भेटीच्या दिवशी एखाद्या क्रिटला मागे बसू देतात का, हे जरूर विचारावे. तासभर बसलात तर माहितीपत्रकाच्या वीस पानांतून कळणार नाही ते कळेल.

शिक्षकांबद्दल एकच सांगतो. ते स्वतः काम करत असावेत. घोले रस्त्यावरच्या राजा रविवर्मा कलादालनात किंवा बालगंधर्वच्या दालनात त्यांचे प्रदर्शन शेवटचे कधी झाले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जो स्वतः रिकाम्या कॅनव्हाससमोर उभा राहतो त्याला विद्यार्थ्याची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि तो पूर्णवेळ आहे की सत्रापुरता येणारा, हेही पाहा. चार वर्षे एकाच विद्यार्थ्याचे काम बदलताना बघणारा निदान एक माणूस विभागात असायला हवा.

इतिहास-मानसशास्त्र चित्राच्या काय कामाचे?

चित्रकाराने बाकीचे विषय शिकून वेळ घालवू नये, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि मराठी कलेचा इतिहासही त्यांच्या बाजूने नाही.

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे. त्यांनी १९३३ मध्ये आग्रा विद्यापीठाची बी.ए. घेतली आणि पुढच्याच वर्षी मुंबईची शासकीय कला पदविका. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली तेव्हा चित्रकला विभागाची धुरा त्यांच्याकडे आली, पुढे ते विद्याशाखेचे अधिष्ठाताही झाले. त्या शाखेचे वेगळेपण हेच होते की ती विद्यापीठाच्या आत होती आणि कलेचा इतिहास तिथे स्टुडिओच्या बरोबरीने शिकवला जाई. द. ग. गोडसे यांनी नागपुरात बी.ए. केले आणि मग लंडनच्या स्लेड स्कूलला गेले. नेपथ्य, चित्र आणि ‘पोत’सारखे पुस्तक, हे सारे एकाच माणसाच्या हातून झाले. सुधीर पटवर्धन तर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत करत त्यांनी चित्रे काढली. त्यांच्या चित्रांतली माणसांची शरीरे पाहिली की वैद्यकाची वर्षे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

या तिघांचा दाखला देताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता कामा नये. बेंद्रे आणि गोडसे यांनी सामान्य पदवीनंतर कलेचे स्वतंत्र शिक्षण घेतले, आणि पटवर्धनांनी ती कसर वर्षानुवर्षांच्या स्वतःच्या अभ्यासाने भरून काढली. विस्तृत वाचनाने तासांची जागा घेतली नाही. तास कुठून तरी द्यावेच लागले.

कॉलेज लिबरल असूनही कला त्याच्या केंद्राशी असू शकते, याची उदाहरणे जगात आहेत. शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ चे. तिथे संगीत, साहित्य आणि चित्र एकाच परिसरात वाढले, आणि रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि लाल मातीच्या खड्यांतून घडवलेले ‘संथाळ कुटुंब’ उघड्या आवारातच उभे आहे. जर्मनीतली बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा १९३३ मध्ये बंद पडल्यावर तिथले शिक्षक योजेफ आल्बर्स अमेरिकेत त्याच वर्षी निघालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेले. ते अगदी लहान, नेहमीच पैशांच्या ओढाताणीत असलेले कॉलेज, १९५७ मध्ये बंदही पडले. पण चित्र हा तिथे शिक्षणाचा गाभा होता, आणि रॉबर्ट राउशेनबर्गसारखे चित्रकार तिथून गेले. इमारत साधी असून चालते. वेळ आणि जागा मात्र लागतेच.

पुण्यात शिकणाऱ्याला आणखी एक सोय आहे. केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे, भाजे-कार्ल्याची लेणी, डेक्कन कॉलेजातला पुरातत्त्वाचा अभ्यास, हे सारे शहरात किंवा लोकलच्या अंतरावर आहे. इतिहासाचा वर्ग आणि रेखाटनाचा वर्ग यांना एकत्र घेऊन भाज्याला जाणारे कॉलेज सापडले, तर ते यादीत वर न्यावे. दोन्ही विभाग एकमेकांना ओळखतही नसतील, तर मेजर-मायनरचा मेळ फक्त गुणपत्रिकेवर राहतो.

पुढची दारे

पदवीनंतर एम.एफ.ए. करायचे असेल तर एक अट आधीच तपासायला हवी. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था त्यासाठी बी.एफ.ए. किंवा तिच्या बरोबरीची कलेतली पदवी मागतात. मायनरवर तिथे अर्जही करता येत नाही. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचे असेल तर त्याची पात्रता वेगळी. अमेरिका-युरोपात पुष्कळ ठिकाणी कोणतीही पदवी चालते आणि निवड मुख्यतः पोर्टफोलिओवर, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संचावर होते. दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी तिथे जोड-पदव्या आहेत. ब्राउन विद्यापीठ आणि र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन यांची पाच वर्षांची संयुक्त योजना २००८ पासून चालू आहे. तशीच पाच वर्षांची सोय टफ्ट्स विद्यापीठातही आहे. प्रवेश कठीण आणि खर्च मोठा, पण पर्याय म्हणून माहीत असावा.

खर्चाचे म्हणाल तर खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठाचे वर्षाचे शुल्क लाखांच्या घरात जाते, शासकीय किंवा अनुदानित कला महाविद्यालयाचे त्याच्या छोट्याशा अंशात भागते. पैसे बेताचे असतील आणि मुलाचा ओढा ठामपणे चित्राकडे असेल, तर बी.एफ.ए. करावे आणि वाचन, इतिहास, तत्त्वज्ञान यांची भूक ग्रंथालये आणि व्याख्यानमालांतून भागवावी. हा सल्ला मी मन लावून देतो. पुण्यात ते जमते. ओढा दोन-तीन विषयांत खरोखर वाटलेला असेल, तरच त्या मोठ्या शुल्काला अर्थ आहे.

पोर्टफोलिओ आतापासून

राज्याच्या कला प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान तपासले जाते. इंटरमिजिएटपर्यंत आलेल्या मुलांना यातले पहिले तीन ओळखीचे असतात. ठरावीक वेळात कागद भरणे, छटा सफाईने लावणे, ‘पावसाळी दिवस’ किंवा ‘भाजीबाजार’ मनातून उभा करणे, ही आपल्या शालेय परीक्षांची कमाई आहे आणि ती मोठी आहे.

लिबरल आर्ट्सच्या कॉलेजांना, विशेषतः परदेशातल्या, यापलीकडचे काही पाहायचे असते. तिथे कलेचे नमुने अर्जासोबत ऐच्छिक म्हणून पाठवता येतात आणि ते बहुतेकदा कला विभागाचे प्राध्यापक बघतात. फोटोवरून हुबेहूब उतरवलेली नटनट्यांची तोंडे त्यांनी हजारो पाहिलेली असतात. त्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी बघून काढलेले काम त्यांना हवे असते. एकच गोष्ट चार-पाच वेळा, बदलत बदलत काढलेली असेल तर आणखी चांगले.

अकरावीतल्या मुलीला यासाठी महागडा क्लास लागत नाही. तुळशीबागेतले एक दुकान निवडावे, किंवा घरातला ओटा. तोच विषय आधी पेन्सिलीने, मग कोळशाने, मग फक्त दोन रंगांत, मग दुसऱ्या कोपऱ्यातून. फसलेली पाने फाडू नयेत, कारण निवड करणाऱ्याला त्यांतूनच तिचा विचार दिसतो. निवडलेल्या पानांचे फोटो दिवसाउजेडी घ्यावेत, थेट उन्हात नाही. कॅमेरा कागदाला समांतर धरावा आणि चारही कडा चौकटीत येऊ द्याव्यात. प्रत्येक कामाखाली माप, माध्यम आणि वर्ष लिहावे.